कॅमेऱ्याला लागलेलं कुंकू

दसऱ्याची सुट्टी संपून वाघोलीचा कारखाना उघडला आणि तपासणीच्या यंत्राने पहिलाच सर्किट बोर्ड नापास केला. मग दुसरा. विसावाही नापास झाला तेव्हा हेमाने घड्याळाकडे पाहिलं. पाहुण्या यायला अर्धा तास उरला होता.

मालाचा दर्जा सांभाळणारी हेमा सदाशिव पेठेतून रोज स्कूटरने यायची. तैवानची एक कंपनी मोटारींचे बोर्ड इथे बनवून घ्यायला तयार होती. जागा नि प्रयोगशाळा सरकारची, यंत्रं कंपनीची आणि हात वाघोलीच्या साठ बायकांचे. दोनशे नमुन्यांपैकी एकशे पंच्याण्णव पास झाले तर करार. नाहीतर काम दुसऱ्या देशात जाणार होतं.

उद्योग खात्याचे दिगंबर सातपुते घाम पुसत म्हणाले, "हेमाताई, वीज कमी-जास्त झाली असं सांगू. विजेला दोष दिला तर कोणी रागावत नाही."

"ते खातं तुमचं नाही ना, म्हणून."

हेमाने वीसही फोटो पडद्यावर शेजारी-शेजारी मांडले. प्रत्येकात उजव्या कोपऱ्यात, त्याच जागी, तोच डाग. वीस बोर्ड एकाच जागी कसे चुकतील? म्हणजे चूक बोर्डात नव्हती, बघणाऱ्याच्या डोळ्यात होती. तिने झाकण उघडून कॅमेऱ्यावर बॅटरी धरली. भिंगाच्या कडेला कुंकवाचं ठसठशीत बोट होतं.

"सुंदराबाई?"

कारखान्यातली पूजा दरवर्षी करणाऱ्या, पॅकिंगवरच्या सुंदराबाई पुढे आल्या. "म्याच लावलं. खंडेनवमीला समद्या मशिनींची पूजा केली. ह्यो तर तिचा डोळा हाय, त्यालाच कसं वगळू?"

तेवढ्यात त्या पाहुण्या, तैवानच्या कंपनीच्या लिनबाई, आल्या. सातपुते गप्प राहायच्या खुणा करत राहिले, पण हेमाने त्यांना भिंगच दाखवलं आणि सगळं सांगून टाकलं.

लिनबाईंनी शांतपणे इंग्रजीत विचारलं, "पूजा कुठे करायची, हे लिहिलेलं आहे?"

"नाही."

"मग ही चूक तुमची, या बाईंची नाही. आमच्याकडे यंत्र रुसू नये म्हणून त्यावर खाऊचं हिरवं पुडकं ठेवतात. पण कुठे ठेवायचं, ते लिहिलेलं असतं. तासाभरात नियम लिहा. भिंग पुसा, दोनशेही बोर्ड पुन्हा तपासा."

नियम लिहायचा म्हटल्यावर सातपुत्यांना एकदम हुरूप आला. "'सदर यंत्रास हळदकुंकू वाहणेबाबत...'"

"सोपं लिहा," हेमा म्हणाली. "बायकांनी वाचायचंय, फायलीने नाही."

शेवटी ठरलं, की फुलं नि कुंकू दाराच्या चौकटीला, आत फक्त नमस्कार.

"आन् डोळ्याला?" सुंदराबाईंनी विचारलं.

"त्यालाही. लांबून."

एकशे नव्याण्णव बोर्ड पास झाले. उरलेला एक लिनबाईंनी हातातल्या भिंगाखाली धरला. एका चिपच्या पायाला सोल्डरचा डाख लागलाच नव्हता. त्या पहिल्यांदा हसल्या. "सगळे पास झाले असते, तर मला यंत्राचाच संशय आला असता."

त्यांनी सही केली, खाली सातपुत्यांनी केली. सुंदराबाई मात्र हेमाने मराठीत सांगितलेल्या त्या पुडक्यावरच अजून अडल्या होत्या. "बाई, त्यो खाऊ मग कोन खातं?"

हेमाने इंग्रजीत विचारून सांगितलं, "कुणीच नाही. शिळा व्हायच्या आत बदलतात."

"अरारा," म्हणत सुंदराबाईंनी पेढ्यांचा पुडा उघडला आणि पहिला पेढा लिनबाईंच्या हातावर ठेवला. अर्थात, दाराबाहेर.