परत न गेलेले फोटो

मोबाइलची जागा भरली की आपण काय करतो? दोन-चार फोटो पुसतो, एखादं जुनं गाणं काढून टाकतो आणि महिनाभर निभावतो. नंदनवन वस्तीतल्या भूपेशला तेवढंही जमत नसे. कुठलीही गोष्ट पुसायची म्हटली की त्याच्या जिवावर यायचं. "असू दे, कधीतरी कामी येईल," हा त्याचा मंत्र. त्यामुळे लोकांची बारशी, गेल्या निवडणुकीतली विनोदी चित्रं आणि शेजारच्या पाण्याच्या मोटारीचे फोटो त्याच्या मोबाइलमध्ये गुण्यागोविंदानं नांदत होते.

एका खासगी कंपनीत हिशेब लिहिणारा हा गृहस्थ कोष्टी समाजाच्या मंडळाचा 'कॉम्प्युटरवाला' होता. हातमाग आजोबांच्या पिढीतच थांबले, पुढची मुलं-मुली नोकऱ्यांत शिरली, पण लग्नं जुळवायला मंडळाचा परिचय मेळावा अजूनही लागतो. काही वर्षांपूर्वीच्या अशाच मेळाव्यात भूपेशनं मोठी कर्तबगारी केली. सगळ्या मुला-मुलींचे बायोडाटे, फोटो, पत्ते, जन्मवेळा, मोबाइल नंबर असं सारं त्यानं 'गठरी' नावाच्या साइटवर चढवलं. गठरी फुकट होती. एक लिंक उघडली की घरबसल्या सगळी स्थळं डोळ्यांसमोर! कुलूप मात्र त्यानं घातलं नाही, कारण म्हाताऱ्या मंडळींच्या लक्षात पासवर्ड राहत नाही. या कामगिरीबद्दल मंचावर बोलावून त्याला शाल दिली गेली.

पुढे चोरीचे सिनेमे ठेवल्याच्या खटल्यात कोर्टानं गठरी बंद करायला लावली. मेळाव्यातली बरीच लग्नं जुळली, काही घरांत पाळणे हलले आणि लोक ती साइट विसरून गेले. फायली मात्र कुठल्याशा थंड खोलीतल्या यंत्रांत तशाच पडून होत्या. मग कोणीतरी ती यंत्रं विकत घेतली. कोण, कुठला, कशासाठी, हे आजतागायत कोणाला सांगता आलेलं नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी कूलरसमोर पडल्या पडल्या भूपेशला मेल आली. 'गठरी परत आली आहे. तुमचं सगळं जसंच्या तसं आहे. या, उघडा.'

भूपेश ताडकन उठून बसला. नव्या मालकाच्या अटींचं लांबलचक पान समोर आलं. ते वाचायचं असतं हे त्याला ठाऊक होतं, जसं आपल्या सगळ्यांनाच ठाऊक असतं. त्यानं 'मान्य आहे' वर बोट दाबलं. आणि काय आश्चर्य! एकूण एक फाइल जागच्या जागी होती. त्यानं लगेच ती लिंक मंडळाच्या ग्रुपवर टाकली, 'आपली गठरी परत सुरू झाली!' टाळ्यांनी ग्रुप भरून गेला.

एक गोष्ट तेवढी नवी होती. प्रत्येक बायोडाट्याखाली डोळ्याचं लहानसं चित्र होतं आणि त्यापुढे आकडा, किती जणांनी पाहिलं त्याचा. संध्याकाळी पुन्हा उघडलं तर आकडे फुगले होते. मुलांच्या नावापुढचे थोडे, मुलींच्या नावापुढचे फार. समाजात इतकी माणसं तरी आहेत का, असं भूपेशच्या मनात येऊन गेलं. मग टीव्हीवर मॅच सुरू झाली.

आठवड्याभरानं त्याचे काका भैयाजी भर दुपारी कळमेश्वरहून येऊन दारात उभे राहिले. मागे त्यांची मुलगी मयुरी होती. तिथल्याच एमआयडीसीत, औषधांच्या कारखान्यात तपासणीचं काम करणारी, घरात सगळ्यांत मोठ्यानं हसणारी मुलगी. उन्हासाठी चेहऱ्याला बांधलेला दुपट्टा तिनं घरात आल्यावरही सोडला नाही.

"तुले फोनमधलं सारं समजते न गा," भैयाजी म्हणाले, "हिचा नंबर बदलून दे."

"काहून? काय झालं?"

भैयाजींनी मुलीकडे बोट केलं. मयुरीच म्हणाली, "फोन येऊन राहिले दादा. रोज. कुठले कुठले लोक. त्यांले माही जन्मवेळ माहीत आहे. मामाचं गाव पारशिवनी, तेही माहीत आहे."

"कोणी ओळखीचाच असंल."

"काल एक जण गेटवर उभा होता, शिफ्ट सुटली तेव्हा. हात नाही लावला, बोलला नाही. नुसता मोबाइल माह्यासमोर धरला. त्यात माहा फोटो होता, हिरव्या साडीतला. तो फोटो मी एकदाच काढला दादा. मेळाव्यासाठी. आणखी कुठंच दिला नाही."

भूपेशला गठरी आठवली. खरं बोलायची हीच वेळ होती, आणि ती त्यानं घालवली.

"मी म्हणतो, नोकरीच सोड," भैयाजी म्हणाले. "लोकं तर पोरीलेच नावं ठेवतात. घरी रायली तर कोण येते फोटो दाखवाले?"

"हो, काही दिवस घरीच राहा," भूपेशच्या तोंडून निघून गेलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच! उद्याच राजीनामा द्यायचा असं ठरवून बापलेक निघून गेले.

खोलीत आणखी एक माणूस होतं. भूपेशची आत्या, प्रेमलताबाई. पारशिवनीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या या शिक्षिका दर उन्हाळ्यात भाच्याकडे येत. इतका वेळ त्या भावाकडे नव्हे, भूपेशकडेच पाहत होत्या.

"तो फोटो कुठून गेला, तुले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मोबाइल काढ."

भूपेशनं गठरी उघडली. मयुरीच्या फोटोखालचा आकडा दोघांच्या डोळ्यांदेखत वाढत होता. खाली कोणाकोणाचे घाणेरडे शेरे होते. आणि वर नव्या मालकानं एक बटण बसवलं होतं, 'तुमच्या जवळपासच्या अविवाहित मुली'. भूपेशनं ते दाबलं. नंदनवनातल्या, उमरेडच्या, कळमेश्वरच्या मुली पत्त्यांसकट रांगेनं समोर आल्या. मेळाव्यातल्याच साऱ्या. त्यातल्या कितीतरी आता लेकुरवाळ्या होत्या.

"अरे देवा!" भूपेश पुटपुटला. "पण आत्या, मी काही वाईट हेतूनं टाकलं का? समाजाचंच काम केलं न?"

"हेतू कोण विचारून राहिलं तुले? ऐक. माह्या वेळेस पोरगी पाहून नकार आला, तर फोटो अन् पत्रिका वापस येत जाय. काहून? वस्तू पोरीची होती. पाहाले दिली होती, ठेवाले नाही. उमरेडच्या एका घरानं माहा फोटो ठेवून घेतला, तर तुहे आजोबा भर उन्हात बसनं गेले अन् त्यांच्या ओसरीत बसून रायले. फोटो हाती पडेपर्यंत पाण्याले शिवले नाही. तू तर एवढ्या घरच्या पोरींचे फोटो घेतले. मेळावा संपला, लग्नं झाली. कोणाले वापस दिले?"

"ते कागदाचे थोडी होते आत्या? फाइल असते ती."

"मंग पुसाची होती! फाइलचं वापस देणं म्हणजे तेच. आमच्या काळी एक फोटो एका घरी रायला असता. तू तर साऱ्या पोरी चौकात मांडल्या, अन् वरतून दवंडी देल्ली."

भूपेशनं घाईघाईनं सगळं पुसायची खटपट केली. उत्तर आलं, 'विनंती मिळाली. नव्या अटींनुसार हे साहित्य गठरीच्या मालकीचं आहे.' तेव्हा कुठे त्यानं त्या अटी वाचल्या. बैल गेला आणि झोपा केला! आकडा अजून वाढतच होता.

"पोलिसांत जा," आत्या म्हणाल्या.

"माहं नाव येईल आत्या. समाजात तोंड दाखवाले जागा राहणार नाही."

"अन् मयुरीनं तोंडाले दुपट्टा बांधून राहावं जन्मभर? तुहं नाव वाचवाले तिची नोकरी गेली तर चालते तुले?"

मघाशी 'घरीच राहा' असं त्यानंच तर सांगितलं होतं! त्या बिचारीला कोंडायला निघालो आपण, आणि तेही आपलं पाप झाकायला! त्याला स्वतःची शिसारी आली. त्यानं गाडीची किल्ली उचलली आणि त्याच संध्याकाळी कळमेश्वर गाठलं.

"मयुरी, तुहा फोटो मीच टाकला होता," दारातूनच तो म्हणाला. "अन् आता पुन्हा उघडून दिला, तोही मीच. दुपारी मले समजलं होतं, तरी मी बोललो नाही."

भैयाजींचा हात उगारला गेला आणि तसाच खाली आला. पुतण्याला मारावं की स्वतःच्या नशिबाला, हे त्यांना कळेना. मयुरी मात्र शांत होती.

"काहून नाही बोलला?"

"भेलो."

"मीही तर भेलीच होती न दादा," ती म्हणाली. "तरी मी सांगितलं."

राजीनामा दिला गेला नाही. सकाळी बापलेक आणि भूपेश असे तिघं सायबर पोलिसांकडे गेले. फायली चढवणारा माणूस स्वतः समोर आला, म्हणून काम सोपं झालं, असं तिथले अधिकारी म्हणाले. तक्रारीत पहिलं नाव भूपेशचं लिहिलं गेलं. काही दिवसांनी गठरी आपल्याकडे उघडेनाशी झाली.

ग्रुपवर माफीच्या दोन ओळी टाकून भूपेशला मोकळं होता आलं असतं. त्यानं तसं केलं नाही. ज्यांनी विश्वासानं बायोडाटे दिले होते, त्यांच्या घरी तो जाऊन उभा राहिला. कोणी पाणी दिलं, कोणी तोंडावर दार लावलं. एका म्हाताऱ्या बापानं विचारलं, "माह्या पोरीच्या सासरी आता काय सांगू, तूच सांग."

रजा संपवून मयुरी पुन्हा कामावर रुजू झाली त्या सकाळी तो तिला सोडायला गेला. रात्रपाळी सुटत होती. गेटमधून माणसं बाहेर पडत होती आणि रस्त्यापलीकडच्या टपरीवर काहीजण मोबाइलमध्ये डोकं घालून उभे होते.

"आता तर साइट बंद झाली," मयुरी म्हणाली. "मंग माहा फोटो कोणाजवळच नाही न?"

'नाही' म्हणायला काय लागत होतं? पण भूपेशनं आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

"सांगता येत नाही मयुरी. ज्यांनी उतरवून घेतला, त्यांच्याजवळ आहेच."

मयुरीनं टपरीवरच्या एकेका चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग दुपट्टा सोडून तिनं पिशवीत ठेवला आणि उघड्या तोंडानं ती आत गेली. भूपेश बराच वेळ तिथं उभा होता. त्यांतल्या कोणाच्या मोबाइलमध्ये तो फोटो असेल, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

वाचकहो, भूपेश काही दुष्ट नव्हता. तुमच्या-आमच्यासारखाच होता, आणि भीती वाटते ती याचीच. दुसऱ्यानं भरवशानं दिलेली वस्तू काम झाल्यावर परत करणं, ही आपल्या घरांतली जुनी रीत आहे. फोटो मोबाइलमध्ये आला म्हणून ती रीत संपत नाही. वस्तू ज्याची आहे त्याची ती राहते. आज तुमच्या मोबाइलमध्येही एखाद्या मुलीचा फोटो असाच पडून असेल, कधीतरी स्थळ म्हणून आलेला. तो तुमच्याकडे आहे हे ती केव्हाच विसरली असेल, त्यामुळे मागायला ती येणार नाही. तुम्हीच तो आज पुसा!