दाराबाहेर मुकुलच्या चपला

श्यामलाबाईंच्या उणकलच्या घराबाहेर मुकुलच्या चपला कायम असायच्या. मुलगा जाऊन राहिला कॅनडात, चपला मात्र रोज पुसून दाराशी! बाई घरात एकटीच आहे हे कुणाला कळायला नको, म्हणून ही सगळी उठाठेव.

कोप्पीकर रोडवरच्या दवाखान्यात डॉक्टर वेदश्रीनं दाढेपाशी इंजेक्शन दिलं, तेव्हाही बाईंनी तेच नाटक केलं.

"अक्का, ह्या औषधानं नस मरत नाही हं. दुखल्याचा निरोप नस मेंदूला धाडते ना, तो वाटेतच अडतो. दाबल्यासारखं वाटेल, पण दुखणार नाही."

"आणि मग?"

"मग हळूहळू उतरतं. तोवर काही खाऊ नका. ओठ चावला गेला तरी कळायचं नाही तुम्हाला. घरच्यांना लक्ष ठेवायला सांगा. आहे ना कोणी?"

"आहेत की! मुलगा, सून, सगळे आहेत," बाई ठसक्यात म्हणाल्या. थाप मारून झाल्यावर त्यांचा त्यांनाच राग आला, पण आता शब्द मागे कसा घ्यायचा?

दाढ कोरून झाली, भरून झाली, काही म्हणजे काही दुखलं नाही. घरी आल्या तेव्हा पोटात कावळे कोकलत होते. सकाळपासूनच्या उपाशी, कुठलं पथ्य नि कुठलं काय! नको म्हणायलाही कोणी नव्हतं. भाकरी-भाजी घेऊन त्या दुसऱ्या बाजूनं चावत बसल्या.

ताटात लाल थेंब पडला. मिरचीचा रंजका सांडला वाटतं, म्हणून त्यांनी तो बोटानं पुसला. मग आठवलं, रंजका तर आज वाढूनच घेतला नव्हता. उठून आरशात बघतात तर खालचा ओठ चांगलाच फाटलेला, रक्त हनुवटीवरून पदरापर्यंत ओघळलेलं. अगं बाई! आणि दुखत मात्र कणभर नव्हतं. समोर कोणी जेवायला बसलं असतं, तर पहिल्याच घासाला ओरडलं असतं. हे मनात आलं आणि बाईंना रडू फुटलं.

पदर ओठावर दाबून त्यांनी दवाखान्यात फोन लावला.

"घाबरू नका अक्का," वेदश्री म्हणाली. "स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा. आणि फोन सुनेकडे द्या बघू, मी नीट सांगते तिला."

बाईंनी उघड्या दाराकडं पाहिलं. चपला उन्हात पडल्या होत्या.

"कोणी नाही गं," बधिर तोंडानं त्या कशाबशा बोलल्या. "नुसत्या चपलाच आहेत."