चार सऱ्यांची बाग

भर वैशाखात, कावळासुद्धा बाभळीत चोच उघडी टाकून बसतो त्या दिवसांत, सरूबाईनं जेवताना जाहीर केलं की तिला घरामागं भाजी लावायची आहे.

भगवंतानं हातातला घास ताटात ठेवला. "आत्ता?"

"आत्ता."

"टमाट्याला नेट बांधूनबी फूल टिकंना, आन तू कोथमीर लावतीस. ऊन लागलं का काय तुला?"

ऊन लागलं नव्हतं. पण भगवंताची खरी अडचण उन्हाची नव्हतीच, जागेची होती. अवसरी बुद्रुकच्या शिवारात कालव्याचं पाणी आल्यापासून त्यानं इंच न् इंच जमीन उसाखाली घातली होती. गेल्या पावसाळ्यातली आडसाली लागण आता पुरुषभर उंचीच्या वर गेली होती आणि स्वैपाकघराच्या भिंतीपासून एक खाट मावेल एवढं अंतर ठेवून उभी होती. वारा सुटला की पाती खिडकीच्या गजांवर घासायची. रिकामी जमीन बघितली की भगवंताच्या पोटात दुखायचं. एकदा सरूबाई आठवडाभर माहेरी गेली, तर परत आल्यावर तिच्या झोपायच्या जागेवर बटाटे पसरलेले होते.

सरूबाईला कोथिंबिरीशी काही देणंघेणं नव्हतं. तिला ऊस दारापासून मागं सारायचा होता.

पंधरवड्यामागं, आखितीच्या म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी सकाळी ती भांड्यांचं पाणी टाकायला मागच्या दारानं बाहेर आली, तर तो बांधावर बसला होता. चहा व्हायची वाट बघत शेजारी बसतो तसा. सरूबाई ओरडली नाही. घमेलं तसंच कमरेला धरून उभी राहिली. त्यानं तिच्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, मग सावकाश उठून उसात गेला. पाती त्याच्यामागं मिटली आणि काही झालंच नाही असं झालं. तेव्हापासून दर तीन-चार दिवसांनी नळाजवळच्या चिखलात पुरीएवढे ठसे उमटायचे. ती घरातलं कुणी उठायच्या आत पायानं पुसून टाकायची.

सांगायचं कुणाला? गेल्या वर्षी लांबच्या उसात ठसे दिसले तेव्हा भगवंताला सांगून बघितलं होतं. तो म्हणाला होता, "जुन्नर-आंबेगावात बिबट्या कुणाच्या उसात न्हाई? नसंल त्याच्या उसाला पाणी कमी पडत आसंल."

आणि सुनेला सांगायचं तर प्रश्नच मिटला. हर्षाली दोन वर्षं चाकणला खोली बघा म्हणत होती. नवरा सुदर्शन तिथं कंपनीत, रोज मोटारसायकलवर जाऊन-येऊन त्याची पाठ धरलेली, तेव्हा तिचंही चूक नव्हतं. पण बिबट्या आपल्याच दाराशी येतो हे कानावर पडलं असतं तर संध्याकाळच्या आत पिशवी भरली गेली असती, आणि पिशवीबरोबर चार वर्षांची आरोही. शेजारच्या लंकाबाईची सून बिबट्यानं वासरू नेलं त्या दिवशी मंचरला गेली, महिनाभरासाठी. त्याला दोन वर्षं झाली. लंकाबाई आता टीव्हीशी बोलते, आणि टीव्ही ऐकून घेत नाही म्हणून त्याच्यावर रुसते.

सरूबाईला नात डोळ्यांसमोर पाहिजे होती, आणि जिती पाहिजे होती. या दोन गोष्टी एकदम मागणं म्हणजे फार मागणं झालं, हे तिला अजून कळलेलं नव्हतं.

भीती दाखवून भगवंत हलणार नव्हता, पण जिभेला हलणारा माणूस होता. तिनं ताज्या गवारीचं नाव काढलं, शेंगदाण्याचं कूट घालून केलेल्या. बाजारच्या भाजीवर काय काय मारतात ते तर ऊस यायच्या आधी आपण स्वतःच मारायचो, याची आठवण दिली. उसाच्या आठ सऱ्या, आठ ओळी, मागितल्या. भगवंतानं दोन देऊ केल्या. दोघं बाजारात बैलाचा सौदा करावा तशी चढत-उतरत चारवर आली. ऊस कापून गुरांना घातला आणि घरामागं पहिल्यांदा आभाळ दिसलं. सरूबाईनं दारात उभं राहून अंतर डोळ्यानं मापलं. चार सऱ्या म्हणजे त्याची एक उडी. पण उडी मारायच्या आधी तो दिसला तरी असता.

इथवर सगळं तिच्या मनासारखं झालं. मग घरच्यांना बाग आवडली.

सुदर्शननं भंगारवाल्याकडनं निळं पिंप आणलं. सळई तापवून त्याला भोकं पाडली आणि खाली दोन विटा देऊन पिंप बागेच्या पार टोकाला, उसाला लागून उभं केलं, वास घरात यायला नको म्हणून. त्यात एक थर उसाच्या वाळल्या पानांचा, पाचटाचा, एक शेणाचा, एक घरातल्या सालपटांचा. हर्षालीनं मोबाइलवर एका हिंदी बोलणाऱ्या बाईचे व्हिडिओ बघितले, गरम हवेत परसबाग कशी करावी यावर. त्या दिवसापासून घरात ओलीला 'नमी' म्हणायला लागले. पिंपात नमी आहे का, वाफ्यात नमी आहे का. भगवंतसुद्धा गोठ्यात जाऊन म्हशीखाली नमी लई झाल्याचं सांगून आला. गवार, भेंडी, चवळी उगवली. कोथिंबिरीवर सावलीला सरूबाईच्या दोन साड्या बांधल्या, त्यातली एक चांगली होती.

आणि जी हर्षाली आजवर मागच्या दाराकडं फिरकत नव्हती, ती रोज तिथं दिसायला लागली. सकाळी नव्हे. व्हिडिओतल्या बाईनं बजावलं होतं की उन्हाळ्यात पाणी दिवस मावळताना द्यावं, म्हणजे रात्रभर मुरतं. तण हातानं काढावं, उकिडवं बसून, मुळापासून. लहान मुलांना बागेत सामील करून घ्यावं, त्यांना मातीची गोडी लागते. वन खात्याची गाडी भोंगा लावून नेमकं उलटं सांगून गेली होती, की अंधारून येताना शेतात वाकून बसू नका, पोरं एकटी सोडू नका. बाईचा एकेक सल्ला जणू त्यालाच विचारून दिलेला होता.

सरूबाईनं सकाळी पाणी घालून बघितलं. संध्याकाळी हर्षालीनं परत घातलं. तिनं तणाला राहू दे म्हटलं, सुनेनं दोन वाफे जास्त काढले. शेवटी ती दिवस मावळला की काठी घेऊन सुनेच्या पाठीशी उभी राहायला लागली. काही न करता, उसाकडं तोंड करून. हर्षाली फोनवर आईला सांगताना तिनं ऐकलं, की सासूबाई हल्ली मुकादमासारख्या डोक्यावर उभ्या राहतात, स्वतः काडी उचलत नाहीत. सरूबाईनं ऐकून घेतलं. मुकादम म्हणून मिरवणं परवडत होतं.

भगवंतालाही बागेसाठी काही करावंसं वाटलं. रविवारी कोंबडी कापली की पिसं, आतडी, कातडं तो कुणाला न सांगता पिंपात टाकायचा. कुजणारं ते खत, एवढा त्याचा साधा हिशेब होता. पिंपाला वास सुटला. वासाला वस्तीवरची कुत्री आली. त्यांनी पिंप दोनदा आडवं पाडलं आणि मग तिथंच, विटांच्या गारव्याला, मुक्काम टाकला.

कुत्र्यांमागं बिबट्या येतो हे सरूबाईला ठाऊक होतं. तिनं भगवंताला कातडं टाकू नको म्हणून सांगितलं, तो म्हणाला, शेण चालतं तर हे का नको. मग कुत्री कमी व्हायला लागली. आधी लंकाबाईचं पांढरं दिसेनासं झालं. मग कान कापलेला काळा. भगवंत म्हणाला, गेली असतील भीमाशंकरला, उन्हाचं बरं असतं तिकडं. सगळे हसले. सरूबाईही हसली, कारण न हसणं दिसलं असतं. राहता राहिली एक तांबडी कुत्री, ती पिंपाजवळ जायची बंद झाली आणि पुढच्या अंगणात चुलीला चिकटून बसायला लागली. दार उघडं दिसलं की घरात शिरायची.

मृग कोरडाच चालला होता, आणि त्या दिवशी वाराही अजिबात नव्हता. भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. वीज दुपारीच गेलेली. लंकाबाई पुढच्या दाराला ताक मागायला आली आणि सुनेचं गाऱ्हाणं सांगायला बसली. सरूबाईचं लक्ष मागं, पण लंकाबाईचा पदर डोळ्याला लागलेला, उठायचं कसं? तेवढ्यात पुढं बसलेली तांबडी कुत्री उठली, शेपूट पायात घालून खाटेखाली गेली आणि तिथं लघवी केली.

सरूबाई बोलणं अर्धं टाकून उठली.

मागच्या दारात येऊन ती थांबली. हर्षाली गवारीच्या वाफ्यात उकिडवी बसली होती, पाठ उसाकडं. आरोही पिंपापाशी, हातात कांद्याच्या सालपटांची वाटी. एकेक सालपट ती भोकातनं आत सारत होती आणि प्रत्येकाला काहीतरी सांगत होती. आणि पिंपाच्या पलीकडं, उसाच्या पहिल्या ओळीत, जमिनीला हनुवटी टेकून तो होता. पोरीकडं बघत होता. त्याच्या शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

सरूबाईनं काठीसाठी हात मागं नेला. काठी पुढच्या दाराशी राहिली होती.

"हर्षाली," ती म्हणाली, दूध उतू जातंय म्हणून सांगावं तशा आवाजात, "उभी रहा."

"झालंच आई, एवढी ओळ काढते."

"उभी रहा आदी. पळू नको, वाकू नको. मागं बगू नको. पोरीला नावानं हाक मार, आन इकडं ये म्हन."

हर्षाली उभी राहिली. सासूच्या तोंडाकडं बघून तिनं पुढं काही विचारलं नाही. "आरू," ती म्हणाली, "ये, तुला गूळ देते." आवाज फाटला, पण पुरेसा निघाला.

पोरीनं वाटी खाली ठेवली. वाटी ठेवायला ती वाकली तेव्हा उसातलं डोकं वर उचललं गेलं.

सरूबाई चालत पुढं गेली. सुनेच्या अंगावरून, गवार तुडवत, येणाऱ्या नातीला मागं टाकून ती पिंपापाशी पोचली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली, जेवढी उंच होता येईल तेवढी उंच. ती काही उंच बाई नव्हती. दोघांमध्ये पिंप, आणि पिंपात भगवंताची रविवारची कोंबडी. त्याचा वास येत होता, पिंपाचा नव्हे, त्याचा, ओल्या घोंगडीसारखा. तिला वाटलं काहीतरी बोलावं. देवाचं नाव आठवेना.

"जा की आता," ती म्हणाली.

तो तिच्याकडं बघत राहिला. त्याला घाई नव्हती. मग अंग झाडून उठला, पाठ फिरवली आणि आत गेला. पाचट कुरकुरलं, थोडं लांब गेलं आणि थांबलं. फार लांब नाही.

घरात आल्यावर हर्षालीनं मागचं दार लावलं, वर कडी घातली, पोरीला कडेवर घट्ट धरून भिंतीला टेकली. रडली नाही. मग म्हणाली, "तुमाला म्हाईत व्हतं."

सरूबाईनं मान हलवली.

"कधीपासनं?"

"आखिती."

हर्षालीनं मनाशी मोजलं. रोजचं पाणी, रोजचं तण, पाठीमागं उभा असलेला मुकादम. "सांगितलं असतं तर मी गेले असते, आई."

"म्हनून तर न्हाई सांगितलं." सरूबाई खाली बसली. "चुकले मी. आता मीच म्हनते, जा. पोरीला घेऊन जा."

"तुमीबी चला."

"मी आले तर ऊस कोन मागं सारील?"

रात्री सुदर्शन आला, भगवंत आला, सगळं सांगून झालं. 'बिबट्या कुणाच्या उसात न्हाई' हे वाक्य भगवंताच्या तोंडाशी आलेलं सरूबाईला दिसलं. पण नात त्याच्या मांडीवर झोपली होती. तिच्या केसांत अडकलेली कांद्याची साल त्यानं काढली आणि वाक्य गिळलं. जेवण कुणी केलं नाही.

सकाळी सुदर्शननं पिशवी मोटारसायकलला बांधली. सरूबाईनं वर गवारीचा वाटा ठेवला, पहिला तोडा. हर्षाली खाली वाकून पाया पडली, आणि पाया पडताना सासूचे घोटे तिनं क्षणभर धरून ठेवले. कधी येणार हे तिनं सांगितलं नाही, सरूबाईनं विचारलं नाही. महिनाभर, असं दोघींपैकी कुणीही म्हटलं नाही. गाडी कालव्याच्या वळणापर्यंत दिसली. मग तिथंही ऊसच होता.

सरूबाई घरात आली, कोयता घेतला, मागच्या दारानं बाहेर पडली आणि बागेपलीकडची पहिली सरी तोडायला लागली.

आवाजानं भगवंत आला. आधी दारात उभा राहिला, मग वाफ्यात. कारखाना दिवाळीशिवाय सुरू होत नाही, हे त्यानं सांगितलं. ऊस पडत होता. गुरं दोन आहेत, एवढं वाडं खाणार कोण, हेही विचारून झालं. ऊस पडत होता. दुसरी सरी सरली, तिसरीला सुरुवात झाली.

"लई झाली की जागा," तो म्हणाला. "आता हितं काय लावायचं म्हनतीस?"

"काय न्हाई."

"म्हंजी?"

"काय न्हाई लावायचं. मोकळं ठिवायचं."

तोडलेल्या सऱ्यांकडं, उघड्या पडलेल्या काळ्या मातीकडं भगवंत बघत राहिला. एवढी मोठी जागा, पाण्याखालची, आणि तिच्यावर काही नाही. तेवढ्यात आत, उभ्या उसात, पाचट एकदा वाजलं. वारा पडलेलाच होता.

तो घरात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दुसरा कोयता होता. सरूबाईला वाटलं, शेजारची सरी धरेल. त्यानं सरी धरली नाही. तिच्याकडं पाठ आणि उसाकडं तोंड करून तो उभा राहिला.

"काप तू," तो म्हणाला.