पळून दाखव

पाच वर्षांची छकुली चालता-चालता सारखी अडखळून पडायची, म्हणून आईबाबा तिला तपासणीला घेऊन आले होते. थेरपिस्ट ताईंनी तिला एका पायावर उभं केलं, चेंडू झेलायला लावला, मग म्हणाल्या, "आता त्या भिंतीपर्यंत पळून दाखव बरं."

छकुली जागची हलेना. "बाबा बाहेर गेले तर पळीन," ती म्हणाली. "ते माझ्यासारखं पळून दाखवतात आणि सगळे हसतात."

बाबाचा चेहरा खर्रकन उतरला. पाहुणे आले की गुडघ्याला गुडघा घासत तो तिची नक्कल करायचा. तीही टाळ्या वाजवायची, म्हणून त्याला वाटायचं, पोरीलाही मजा येते. बायकोकडे बघायचा त्याला धीर झाला नाही. मान खाली घालून तो बाहेर आला. दाराआडून धपधप पावलं ऐकू आली, मग ताईंची शाबासकी.

थोड्या वेळाने ताईंनी दार उघडलं. "पायांत ताकद कमी आहे, व्यायामाने येईल. पळाली मात्र अगदी मनापासून."

"मी बघू? एकदाच?" त्याने दारातूनच विचारलं.

छकुली बूट चढवत होती. "आता झालं," ती म्हणाली आणि तिने आईचा हात धरला.