व्हरांड्यातलं हवामान

मोडलेला पाय घेऊन घरी बसलेल्या विज्ञानाच्या बाई शाळेत परतल्या आणि पहिल्याच तासाला त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेच्या हवामान केंद्राच्या आकड्यांवरून वर्गाने आलेख काढले होते. पाऊस शून्य, वारा शून्य. खाली सगळ्यांचा एकच निष्कर्ष होता: आठवडाभर हवा कोरडी व शांत. हा निष्कर्ष लिहिणारी पोरं ओले मोजे बाकाखाली वाळत घालून बसली होती. त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले होते बदली तास घेणाऱ्या मुख्याध्यापकांनी.

भोपळा एकीलाच मिळाला होता. वर्ग तिला शंकाबाई म्हणायचा. तिने लिहिलं होतं, 'बाहेर धो धो पाऊस आहे. यंत्राची जागा चुकली असावी.' आकडा बघा आणि खिडकीही बघा, असं बाई वर्षभर कानीकपाळी ओरडत होत्या. ते ऐकलं एकटीने, आणि शिक्षाही तिलाच.

बाई काठी टेकत गच्चीवर गेल्या. तिथे नुसता खांब होता. यंत्र सापडलं खाली, ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात, प्लास्टिक पांघरून बसलेलं. भिजून बिघडेल म्हणून मुख्याध्यापकांनीच ते हलवलं होतं.

"एवढी महागाची वस्तू पावसात ठेवायची का?" ते म्हणाले.

"मग तापलेल्या पोराला थर्मामीटरही लावू नका, सर. थर्मामीटर भाजेल बिचारं."

मुख्याध्यापकांनी शिस्तीचा विषय काढला. मुलगी उद्धट आहे, भर वर्गात उभं करून माफी मागायला लावली तेव्हा कुठे ताळ्यावर आली, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. मग मात्र बाईंनी त्यांचा कुठलाच मुलाहिजा ठेवला नाही. शिपायाकरवी यंत्र गच्चीवर चढवलं आणि शंकाबाईचे गुण तिथल्या तिथे बदलून घेतले. आपण जिंकलो, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस कोसळत होता आणि आलेखाची रेघ सरसर चढत होती. बाईंनी शंकाबाईला उभं केलं.

"खिडकीबाहेर बघ आणि सांग, हा आकडा पटतो का?"

मुलीने खिडकीकडे मान वळवलीच नाही. ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिने पेनाचं टोपण काढलं.

"तुम्हीच सांगा ना, बाई. मी लिहिते."