सयाजीपुढची रांग

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्वदीर्घाची एक चूक काढून दाखवा, मिशी उतरवून देतो, असं गोपाळकृष्णपंत छातीठोकपणे सांगत. साताऱ्याच्या पोस्टाबाहेर पाट टाकून ते लोकांची पत्रं आणि अर्ज लिहून देत. इतक्या वर्षांत मिशी शाबूत राहिली होती. गिऱ्हाइकं मात्र गेली होती.

गेली होती ती लांब कुठं नाही, समोरच्या लिंबाखाली. तिथं सयाजी बसायचा. लढाईवर मिसर देशापर्यंत जाऊन पाय अधू करून आलेला गडी. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धीमुर्धी. 'आणि'ला 'आनी' लिहायचा, अनुस्वार तर तीळ भुरभुरावेत तसे कुठंही टाकायचा. आणि या माणसापुढे कोरेगाव, कराडकडच्या बायका सकाळपासून रांग धरून बसत. सगळ्यांचे नवरे नाहीतर लेक पलटणीत. कुणी इटलीत, कुणी ब्रह्मदेशात.

पंतांना हेवा वाटे. आडपडदा कशाला ठेवा? आणि चौथी नापासाचा हेवा वाटतो, या विचाराने त्यांच्या अंगाचा आणखीच तिळपापड होई.

एकदा न राहवून त्यांनी जुन्या गिऱ्हाईक मनुबाईला हटकलं. "काय गं, माझं काय चुकलं होतं?"

"तुमचं कवा काय चुकतंय व्हय?" मनुबाई पदर सावरत म्हणाली. "पर तुमी लिवल्यालं पत्र मालकास्नी पोचलं, तर त्यांनी उलट इचारलं, ह्ये कुनी धाडलंय म्हून."

सयाजीची रीतच वेगळी. आधी बाईला बोलू द्यायचा. मग लिहिलेलं तिला मोठ्यानं वाचून दाखवायचा. वाचताना ती मध्येच "आनी म्हस व्याली" म्हणाली, की म्हस कागदावर जायची, म्हशीचं रेडकूही जायचं. पंतांच्या पत्रात मात्र 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' झालं की थेट 'येथील सर्व कुशल' यायचं. म्हशीला तिथं जागाच नव्हती.

एकदा सयाजीनं एका विधवेचा पेन्शनीचा अर्ज लिहिला, तो कचेरीतून परत आला. नाव एक, गाव दुसरं, तारीख तिसरीच. त्या दिवशी पंतांनी घरी दोनदा भात मागून घेतला. पण दुसऱ्याच दिवशी सयाजी त्या बाईला घेऊन लंगडत त्यांच्या पाटाशी आला.

"पंत, एवढा अर्ज तुमी लिवा. सायबाला चूक चालत न्हाई. घरच्या मानसाला चालतीया."

त्यानंतर अर्जाचं जे गिऱ्हाईक येई ते तो पंतांकडे धाडी. म्हणजे पंतांच्या घरची चूलही आता सयाजीच्या शिफारशीवर पेटू लागली. हे तर फारच झोंबलं.

पंतांचा एकुलता एक मुलगा हरी, तो त्यांना नाना म्हणे. बापाला न विचारता पलटणीत कारकून म्हणून भरती झाला होता. त्याचं पहिलं पत्र आलं तेव्हा पंतांनी काय करावं? लाल शाईनं सगळ्या चुका दुरुस्त करून ते त्यालाच परत पाठवलं. खाली शेरा मारला : अक्षर बरे, शुद्धलेखन असमाधानकारक. पोरगा कारकून झालाय, साहेबापुढे हसं होऊ नये, ही त्यातली माया. पण माया पाकिटातच राहिली असावी, कारण त्यानंतर हरीचं पत्र आलं नाही. पंतांनी पुढे किती लिहिली, एकाचंही उत्तर नाही. पोरगा जिवंत आहे की नाही, हाच घोर त्यांना लागला होता. तोंडानं मात्र ते "टपालाचा गोंधळ आहे" एवढंच म्हणत.

एका दुपारी नेहमीप्रमाणे ते सयाजीची रांग चोरून बघत होते. लुगड्यांच्या त्या गर्दीत एक हिरवं लुगडं ओळखीचं दिसलं. त्यांची बायको, अनसूया! सयाजी काहीतरी वाचून दाखवत होता आणि ती चक्क हसत होती. पंतांनी तिला असं हसताना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

घरी गेल्या गेल्या ते कडाडले. "बायको माझी, मुलगा माझा, आणि पत्र लिहिणार तो? मी काय मेलो होतो?"

अनसूयाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, पण बोलता चांगलं येत होतं. "तुम्हाला सांगितलं होतं, लिहा, तुझ्यावाचून घर खायला उठतं. तुम्ही काय लिहिलंत? येथील सर्व कुशल. मग त्यानं तरी काय उत्तर द्यायचं?"

"म्हणजे... सयाजीच्या पत्राला उत्तर आलं?"

त्यांनी कमरेच्या पिशवीतून आजच सयाजीच्या पत्त्यावर आलेला कागद काढून दिला. हरीचं अक्षर. हरी जिवंत होता! पंत पाटावर बसून वाचू लागले. चुका त्यांना दिसत होत्या, ओळीओळीत दिसत होत्या, पण नजर तिथं थांबत नव्हती. ती थांबली शेवटाला. 'नानानी पाठीवरुन हात फीरवला आस लिहीलत ते वाचुन रडु आले.'

"हे मी कधी सांगितलं?"

"मीही नाही सांगितलं," अनसूयाबाई म्हणाल्या. "सयाजीनंच घातलं. म्हणाला, बापाचं कायतरी असाया पायजे."

आजवर सयाजीनं गिऱ्हाइकं नेली, त्याचा हेवा यापुढे काहीच नव्हता. हा माणूस आपल्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवून आला होता, आणि आपण लाल शाई घेऊन बसलो होतो. पंतांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी ते आपल्या पाटावर बसलेच नाहीत. रस्ता ओलांडून मनुबाईच्या मागं रांगेत उकिडवे बसले. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पाळी आली तेव्हा सयाजी गडबडला.

"आवं पंत, तुमी? तुमाला मी काय लिवून देनार?"

"हरीला पत्र लिहायचंय."

"मग तुमच्या हातानं लिवा की."

"माझं अक्षर पाहिलं की तो पाकीट फोडत नाही," पंत म्हणाले. एवढ्या बायकांसमोर हे बोलताना त्यांचे कान तापले. "पाठीवरून हात फिरवला, असं तू लिहिलंस."

"व्हय. चुकलं का?"

"मी कधी फिरवला नव्हता."

सयाजीनं कोरा कागद पुढे ओढला. "मग आता काय लिवू?"

"तेच पुन्हा लिही," पंत म्हणाले. "फक्त या खेपेला मी सांगतोय म्हणून लिही."