टाचेतला स्वल्पविराम

सासऱ्यांनी मशीनमधून निघालेली रबरी टाच टेबलावर आपटली, तेव्हा सुनेला हसू दाबावं लागलं. अठरा सेंटिमीटर उंच! टाच कसली, चांगलं बसायचं स्टूल होतं ते.

"तुझा प्रोग्रॅम बिघडलाय," सासरे म्हणाले. "हे आजोबा जुनं गिऱ्हाईक, तीन वर्षं त्यांना एक पॉइंट आठची टाच लावतोय मी. आज त्यांची जुनी फाइल उघडली, बटण दाबलं, आणि हे बघ!"

एक पाय आखूड असलेल्यांचे जोडे बनवण्यात सासऱ्यांची हयात गेली होती. मापं जपून ठेवायला आणि रबर कापणाऱ्या मशीनला ती कळवायला सुनेने सहा वर्षांपूर्वी एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. तो असा काही चालला की आणखी दोघा जोडेवाल्यांनी मागून नेला. कधी कुरकुर म्हणून नाही. मग गेल्या आठवड्यात थोरले दीर परदेशातून आले आणि वडिलांना आपला कॉम्प्युटर देऊन गेले. दोन दिवसांपासून काम त्याच्यावर सुरू होतं.

सून खुर्ची ओढून बसली. "बाबा, एक पॉइंट आठ टाइप करा बरं."

सासऱ्यांनी नेहमीचीच बटणं दाबली. पडद्यावर उमटलं, १,८.

"हेच दोन दिवस दिसतंय! मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला."

"चष्मा ठणठणीत आहे. भाऊजी राहतात तिकडे पॉइंटच्या जागी स्वल्पविराम देतात, आणि पॉइंट देतात तो हजार वेगळे दाखवायला. तुमच्या फाइलीतला पॉइंट या कॉम्प्युटरने हजारांचा समजून सोडून दिला. उरले एक आणि आठ. झाले अठरा."

"मग ते सेटिंग बदल. मिनिटाचं काम."

"बदलते. पण आधी सांगा, या दोन दिवसांत नव्या मापाच्या किती टाचा कापल्या?"

"तीन. त्या बरोबर आल्या."

"मोजल्यात?"

मशीनने कापलेलं मोजायची वेळ सहा वर्षांत आलीच नव्हती.

तिघांपैकी एकाचे जोडे अजून फळीवर होते. सुनेने जाडी मोजायचा कॅलिपर लावला. हवी होती दोन पॉइंट चार, भरली नेमकी दोन. तिला जी शंका होती, तेच झालं होतं. मशीनला फक्त पॉइंट कळत होता. स्वल्पविराम आला की आकडा संपला असं समजून ते पुढचं वाचतच नव्हतं. अठराची टाच निदान डोळ्यांत तरी भरली. या मात्र गुपचूप निघून गेल्या.

सासऱ्यांनी लगेच फोन लावले. एकाने अजून खोकंही उघडलं नव्हतं. दुसरी बस चालवणारी बाई, ती दुपारच्या सुट्टीत युनिफॉर्मवरच आली. तिला हवी होती एक पॉइंट आठ, मिळाली होती एक.

"कालपासून कंबर धरलीय," ती म्हणाली.

"अहो, मग कळवायचं नाही का?"

"तुमच्या हातचे जोडे. म्हटलं, चूक माझ्याच पायाची असणार."

सासऱ्यांना ते फार लागलं. ते खाली बसले आणि स्वतःच्या हाताने तिचे जोडे काढू लागले.

तोवर सुनेने सेटिंग बदलून नवी टाच कापून दिली. मग ती प्रोग्रॅम उघडून बसली. काय करायचं ते तिला स्वच्छ दिसत होतं. पडद्यावर माणसाच्या सवयीचं चिन्ह दिसू दे. फाइलीत आणि मशीनकडे जाताना मात्र कायम पॉइंट, कॉम्प्युटर कुठलाही असो.

"आणि सहाच्या वर टाच मागितली, तर आधी विचारायला लाव," टाच चिकटवता चिकटवता सासरे म्हणाले. "एवढी मी कापतच नाही."

"हे सहा वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत?"

"तू कुठे विचारलंस?"

आता मात्र तिने विचारलं, आणि सासरे तासभर सांगत राहिले. तिने जमेल तेवढं प्रोग्रॅममध्ये घातलं. मग मुद्दाम सेटिंग पुन्हा परदेशी केलं आणि आजोबांची फाइल उघडली. पडद्यावर १,८. मशीन घरघरलं, टाच बाहेर आली. सासऱ्यांनी कॅलिपर लावला, पुन्हा एकदा लावला, आणि मान डोलावली.

तिने फोन उचलला. प्रोग्रॅम नेलेल्या दोघांपैकी एका जोडेवाल्याला सांगितलं, "माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक सापडलीय. तुमच्याकडे अजून काही झालं नसेल, पण परदेशी सेटिंगचा कॉम्प्युटर घ्याल त्या दिवशी होईल. दुरुस्त केलेला आजच पाठवते."

"चूक कॉम्प्युटरची म्हणायचंस," सासरे हळूच म्हणाले.

"त्याने काय चुकीचं केलं, बाबा? तिकडे तसंच लिहितात. सगळे आपल्यासारखंच लिहितात, हे मीच गृहीत धरलं होतं." असं म्हणून तिने दुसऱ्या जोडेवाल्याचा नंबर फिरवला.